चंडोल दबला की वर बघ

माझ्याकडे दुर्बीण चांगली आहे, मामाकडे डोळे. हे कबूल करायला मला तीन हिवाळे लागले.

पक्ष्यांचं वेड दोघांनाही, पण चव वेगळी. मला शिकारी पक्षी हवे असतात. ससाणे, भोवते, गरुड. मामा पाटबंधाऱ्याच्या नोकरीत कालव्यांवरून फिरता फिरता पक्षी बघायला शिकला आणि त्याचा जीव अडकला तो ज्यांचे फोटो कुणी काढत नाही अशा मातकट मंडळींत. चंडोल, तीरचिमण्या, भारीट. पन्नास पावलांवरून ढेकूळ कुठलं आणि पक्षी कुठला ते कळू नये, असे सगळे. दर हिवाळ्यात मी माळावर जायचो, आकाशाकडे बघून मान अवघडून घ्यायचो आणि लांब चाललेल्या ससाण्याची पाठ बघून परत यायचो. मामाला हे रडगाणं ऐकवलं तर म्हणाला, "तू उलट्या टोकाने बघतोस. ज्याचा जीव जायचाय त्याच्यावर नजर ठेव. मारणारा कुठून येतोय हे त्याला तुझ्याआधी कळतं."

म्हणून यंदा संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात चार दिवस त्याच्या मागे जायचं ठरलं. अट एकच, तो सांगेल तिकडे बघायचं. त्याने एक शंभरपानी वही घेतली आणि तिच्यात दोन रकाने आखले. डावीकडे 'झडप', उजवीकडे 'मिळालं'.

पहिला दिवस : कुंभारगाव

भिगवणला पोचलो तेव्हा उजाडायला अर्धा तास होता. कुंभारगावच्या काठावर धुकं इतकं दाट होतं की होडी दिसायच्या आधी होडीवाल्या दादांचा खोकला ऐकू आला. हे उजनीचं पाणी. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं, आणि तेव्हा बुडालेल्या शिवारातल्या बाभळींचे वठलेले शेंडे अजूनही कुठे कुठे पाण्यातून वर डोकावतात. शिकारी पक्ष्यांना बसायला याहून बरी जागा नाही.

पाणी अजून बरंच वर होतं, त्यामुळे गाळाची पट्टी अरुंद होती आणि रोहित पक्षी दूरवर गुलाबी रेघेएवढेच. बरोबरच्या दोन होड्या सरळ तिकडे गेल्या. मामाने आमची होडी काठालाच लावायला सांगितली. दादांना ते पटलं नाही. "सर, इथं काय नाय. बारकी बारकी पाखरं हायेत नुसती."

"तीच पाहिजेत," मामा म्हणाला.

बारकी पाखरं म्हणजे छोटे टिलवे. उत्तरेच्या टुंड्रात अंडी घालून आमच्या गाळात हिवाळा काढायला येणारा हा पक्षी 25-30 ग्रॅमचा, म्हणजे मुठीत मावेल एवढा. शंभरेक असतील. शिवणयंत्राच्या सुईसारख्या चोची गाळात खालीवर चाललेल्या. त्यांच्या मधून शेपट्या हलवत पिवळे धोबी, कडेला दोन-चार शेकाटे, लांब पायांचे पाणपक्षी. मी पाचच मिनिटांत कंटाळलो आणि नकळत दुर्बीण वर नेली. मामाने ती हाताने खाली केली.

साडेआठच्या सुमारास टिलवे थांबले. उडाले नाहीत, नुसते थांबले. सगळ्या सुया एकदम बंद. एक डोळा आकाशाकडे करून मान तिरकी केलेले शंभर पक्षी, आणि धोबी तर जमिनीला चिकटलेच. मी आभाळ धुंडाळलं. काही नाही. मग शेकाटे ओरडले, टिलवे उठले आणि तेव्हा कुठे मला बहिरी ससाणा दिसला. वठलेल्या बाभळीवरून निघून तो पाण्याला जवळजवळ पोट घासत येत होता. मी इतकी वर्षं तो उंचावरून कोसळताना दिसेल म्हणून वर बघत होतो. तशी सूर मारताना त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो हे खरं, पण दर वेळी तो तसाच येतो असं कुणी सांगितलंय?

टिलव्यांचा थवा आवळला गेला. आधी चादरीसारखा पसरलेला, तो चेंडूएवढा झाला. सगळे एकदम वळले की पोटं चमकून पांढरा, पुन्हा वळले की पाठी दिसून करडा. ससाणा दोनदा त्या चेंडूच्या कडेने गेला, तिसऱ्यांदा आरपार, आणि पलीकडे रिकाम्या पायांनी निघाला. घट्ट थव्यातून एक पक्षी वेगळा काढणं नजरेलाच जमत नाही. त्याला हवा असतो मागे पडलेला, वळायला क्षणभर चुकलेला. तसा कुणी सापडला नाही.

"पोरगं आहे," मामा म्हणाला. "पाठ तपकिरी, छातीवर उभ्या रेघा. पहिलाच हिवाळा याचा." वहीत त्याने डाव्या रकान्यात तीन काट्या ओढल्या. मी म्हटलं, तीन कशा, झडप एकच. यावर आमचा जो वाद सुरू झाला तो चार दिवस मिटला नाही.

दुपारच्या आधी दलदली भोवत्याची मादी आली. हिचं काम वेगळं. घाई नाही. पंख किंचित वर धरून पाणवनस्पतींवरून डुलत जायचं आणि खाली कोण दचकतंय ते बघायचं. चांदव्यांनी तिला लांबूनच पाहिलं. हे काळे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले पक्षी. काही जण त्यांना वारकरी म्हणतात, आणि त्या दिवशी ते नाव शोभलं. विखुरलेले दीडदोनशे चांदवे चहूबाजूंनी पोहत येऊन एका जागी दाटले आणि मादी डोक्यावर आली तसे पाय झाडून पाणी उडवायला लागले. मधोमध जणू उकळी फुटली. तिने दोन घिरट्या घातल्या, पाय सोडले, पुन्हा वर घेतले. मग ती गेली. चांदवे दहा मिनिटांत पुन्हा पांगले.

हाही तेवढाच थवा, तीच भीती. पण टिलवे उडतात आणि चांदवे तिथेच पाणी उडवत राहतात. मामाचं म्हणणं, येणारा कोण आहे त्यावर ते ठरतं. ससाणा हवेत पकडतो, तेव्हा एकट्याने उडणं हे मरण. भोवत्या बसलेल्याला उचलतो, तेव्हा एकट्याने बसणं हे मरण. हे मला पटलं, पण त्याच्यासमोर मान डोलावली नाही.

पहिल्या दिवशीची वही: झडपा सात (माझ्या हिशेबाने चार), मिळालं शून्य.

दुसरा दिवस : कडबनवाडी

इंदापूर तालुक्यातला कडबनवाडीचा माळ पहिल्यांदा बघणारा विचारतो, इथे आहे काय? झाडं नाहीत, डोंगर नाही, पाणी नाही. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, मधे मुरमाचे पट्टे, तुरळक हिवर आणि बोरी, तरवडाची झुडपं. कागदोपत्री अशा जमिनीला वर्षानुवर्षं पडीक म्हटलं गेलं. चिंकारा, खोकड आणि लांडगा यांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

वनखात्याची परवानगी घेऊन सकाळी पावणेसातला आत शिरलो. थंडी अशी की दुर्बिणीला हात लावावासा वाटेना. पूर्वेला आभाळ तांबडं झालं आणि सगळीकडून एकदम चंडोल बोलायला लागले. दिसत एकही नव्हता. मामा मातीच्या वाटेवर उभा राहून बोट दाखवत होता. तो तुऱ्याचा. तो त्याहून लहान, तांबूस छातीचा, साइक्सचा चंडोल. साइक्स हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. दख्खनमध्ये फिरून त्याने इथले पक्षी नोंदवले आणि 1832 मध्ये या चंडोलाचं शास्त्रीय वर्णन केलं. हा पक्षी भारताबाहेर कुठेही नाही. मला आधी दोन्ही सारखेच दिसले. अर्ध्या तासाने फरक कळायला लागला, आणि एकदा कळल्यावर आधी का कळत नव्हता हेच कळेना.

मग नर डोंबारी उठला. काळ्या पोटाचा, चिमणीपेक्षाही लहान. फडफडत वर चढायचं, पंख मिटून दगडासारखं पडायचं, जमिनीला लागता लागता पुन्हा वर उसळी. नाव उगाच नाही पडलं. शिकारी पक्षी टपलेल्या माळावर, उघड्या आभाळात, आवाज करत अशा कोलांट्या मारायच्या म्हणजे धाडसच. मामा म्हणाला, धाडस नाही, जाहिरात आहे. मादीला सांगायचं आणि ससाण्यालाही सांगायचं की माझ्यात दम आहे, माझ्या नादी लागू नकोस. मला ही मामाची थाप वाटली. पण स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात मर्लिन ससाणे स्कायलार्क या तिकडच्या चंडोलाचा पाठलाग करतात, त्यावर झालेला अभ्यास मी नंतर आठवला. पाठलाग चालू असताना जे चंडोल नीट गात राहिले त्यांचा नाद ससाण्यांनी लवकर सोडला. जे गप्प राहिले किंवा अडखळत गायले त्यांच्यामागे ते जास्त वेळ लागले आणि तेच जास्त सापडले. जीव घेऊन पळताना गाणं म्हणायचं! एवढा श्वास शिल्लक आहे, हे दाखवायला.

आठच्या पुढे ऊन तापलं आणि बाहेरगावचे पाहुणे दिसायला लागले. आखूडबोट्या चंडोलांचा थवा, दोनेकशेचा, मुरमाच्या पट्ट्यावर पुढे पुढे सरकत बिया टिपत होता. मध्य आशियातून आलेले हे. मागचे उडून पुढे बसतात, त्यांच्या मागचे पुन्हा पुढे. लांबून बघितलं तर जमिनीवरून गालिचा गुंडाळत नेल्यासारखं वाटतं. तरवडाच्या शेंड्यावर गप्पीदास, आणि दगडावर रणगोजा.

इथे मला मामाचा धडा पहिल्यांदा स्वतःहून लागू पडला. गालिचा थांबला. पक्षी दिसेनासे झाले, म्हणजे तिथेच होते पण ढेकळं झाले होते. कुठूनतरी 'सीऽ' असा बारीक, उंच पट्टीचा आवाज आला. तो कुठून येतो ते कानाला ठरवता येत नाही, आणि तो काढणाऱ्याला हेच हवं असतं. मी वर नाही, थव्याच्या पलीकडे गवताच्या रेषेवर दुर्बीण नेली. नर भोवत्या येत होता. राखाडी, सडपातळ, पंखांची टोकं काळी.

"कुठला?" मामाने विचारलं. ही परीक्षा होती.

उत्तर दोनांपैकी एक, माँटेग्यू भोवत्या किंवा पांढुरका भोवत्या. माँटेग्यू असेल तर पंखावर आडवी काळी रेघ असते आणि कुशीला तांबूस फराटे. पांढुरका असेल तर पोट स्वच्छ, आणि पंखाच्या टोकाला काळी चिंचोळी पाचर, बस. रेघ दिसली. माँटेग्यू. मामाने मान हलवली आणि पुढचं सांगितलं, ते कुठे वाचून कळलं नसतं. "बघ, चंडोल उडाले नाहीत. दबले. माँटेग्यूला टोळ-नाकतोडे चालतात, तो पक्ष्यांमागे फार धावत नाही. पांढुरका असता तर यातले निम्मे उठले असते." पांढुरका पक्षी जास्त मारतो हे खरं आहे. चंडोलांना इतक्या लांबून ती रेघ दिसते का, याबद्दल मला शंका आहे. पण मामा 40 वर्षं बघतोय.

भोवत्या थव्यावरून वाऱ्याविरुद्ध सावकाश गेला, हवेत थबकला, वळला. याच्या चेहऱ्याभोवती घुबडासारखी पिसांची चकती असते आणि गवतातली खुसखूस तो कानानेही टिपतो. दोनशे पक्षी त्याच्या खाली होते आणि एकही हलला नाही. तो पुढे गेला. साधारण मिनिटभराने एक ढेकूळ चाललं, मग दुसरं, मग गालिचा पुन्हा सुरू. मामाने वही काढली नाही. ही झडप नव्हे, असं त्याचं मत. मी म्हटलं, त्याने बघितलं आणि त्याला मिळालं नाही, मग धर की. "त्याने बघितलंच नाही, तोच तर मुद्दा आहे."

दुपारी खरुची, म्हणजे एक छोटा ससाणा, हवेत एका जागी फडफडताना बघितली, तिने चारदा खाली उडी घेतली आणि चौथ्यांदा काहीतरी घेऊन बोरीवर बसली. नाकतोडा. उजव्या रकान्यात काटी ओढू की नको? मामा म्हणाला, किड्यासाठी वही नाही. त्याच बोरीच्या दुसऱ्या बाजूला एका काट्यावर सरड्याचं पिल्लू खोचलेलं होतं. खाटकाचं काम. हा स्वतः छोटा पक्षी, चंडोलांबरोबर याचाही जीव धोक्यात, आणि बाकीचा वेळ हाच शिकारी. खरुची बसली तसा तो चिडून तिच्याभोवती ओरडत राहिला. त्याला कोणत्या रकान्यात घालायचं हे मी विचारलंच नाही.

एका टेकाडावर मेंढरं चारणारे एक म्हातारबाबा भेटले. मामाने त्यांना भोवते संध्याकाळी कुठे उतरतात ते विचारलं.

"सांजच्याला येत्यात की. त्या पल्याडच्या पवन्यात बसत्यात. काल लई हुते."

"किती असतील, बाबा?"

"ते तुमी मोजा. मला माजी मेंढरं मोजायची हायेत."

पाच वाजता पवन्या गवताच्या त्या पट्ट्यापासून दोनतीनशे पावलं अलीकडे एका हिवराच्या आडोशाला बसलो. क्षितिजावर उसाची हिरवी रेघ होती. मामा बराच वेळ तिच्याकडे बघत होता. म्हणाला, "ती रेघ आम्ही ओढली. पाणी जिथे पोचलं तिथे माळ संपला. लोकांना पाणी पाहिजेच होतं, त्यात चूक काही नाही. पण मी कालव्याच्या भरावावर उभा राहून चंडोल बघायचो आणि मला कधी सुचलं नाही की यांचंच घर मोजतोय." मग त्याने मोज्यांतली कुसळं काढायला घेतली.

भोवते सहाच्या आत यायला लागले. चहूबाजूंनी, एकेकटे, जमिनीला लागून. दिवसभर एकमेकांपासून मैलभर अंतर ठेवणारे हे पक्षी रात्री मात्र एकाच गवतात, जमिनीवर झोपतात. प्रत्येकाची आपली दाबलेली बैठक असते. गुजरातेत वेळावदरच्या माळावर अशी वस्ती फार मोठी भरते, इथली छोटी. राखाडी नर, तपकिरी माद्या, नारिंगी पोटाची पहिल्या वर्षाची पोरं. माद्या आणि पोरं ओळखणं हे खरं डोकेदुखीचं काम. सगळ्यांच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, सगळी तपकिरी. मानेला फिकट गळपट्टी आणि तिच्यामागे गडद पट्टा असेल तर पांढुरका, नसेल तर माँटेग्यू. तीन ओळखले, बाकीचे नुसते 'भोवते' लिहिले. मजा अशी की ते उतरताना त्याच गवतात तीरचिमण्याही झोपायला उतरत होत्या. चार हातांवर. दिवस संपला म्हणजे तह झाला की काय, कोण जाणे.

मी 23 पर्यंत आलो होतो, मामा 26 पर्यंत, तेवढ्यात एक गाडी मातीची वाट सोडून गवतात शिरली. खिडक्यांतून लांब लेन्स बाहेर. मावळतीच्या उजेडात उडणारा भोवत्या हवा होता, आणि बसलेला उडत नाही म्हणून गाडी सरळ पवन्यात घातली. सगळे उठले. मामा जवळजवळ पळत गेला. मी त्याला इतक्या जोरात चालताना पाहिलेलं नाही.

"अहो, झोपायला आलेत ते."

"काका, दोन मिनिटं फक्त."

दोन मिनिटांची दहा झाली. भोवते अंधारात घिरट्या घालत होते. काही परत उतरले, काही कुठे गेले ते दिसलं नाही. जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याने अंधारात अनोळखी जागी उतरायचं, आणि माळावर कोल्हे, खोकडं, लांडगे आहेत. परतताना मामा काही बोलला नाही. रात्री वहीत त्याने 26 खोडून 'मोजणी अर्धवट' असं लिहिलं.

तिसरा दिवस : रस्ता आणि शाळू

आजचा दिवस खरं म्हणजे सोलापूरला पोचण्याचा. पण हमरस्ता सोडून आतल्या रस्त्याने गेलो, कारण शाळू दाण्यात आला होता आणि दाण्यावर भारीट येतात. काळ्या डोक्याचे आणि लाल डोक्याचे, दोन्ही. रंग बघावा तर हिवाळ्यात त्यांचीही डोकी मातकटच, पिवळा रंग तेवढा अंगावर झिरपलेला. त्यांच्या जोडीला भोरड्या. या गुलाबी-काळ्या पक्ष्यांची वीण मध्य आशियात टोळांच्या हंगामाशी बांधलेली असते. तिथे त्या पिकाचे मित्र, इथे शत्रू. शेताच्या मधे मचाणावर एक मुलगा पत्र्याचा डबा वाजवत होता आणि त्याची आई बांधावरून गोफण फिरवत होती. दगड सुटला की भोरड्यांचा अख्खा ढग उठायचा, एक फेरी मारून शेताच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. माऊलीने दुसरा दगड घ्यायचा.

त्या ढगाकडे बघत असतानाच भारीट एकाएकी बाभळीत घुसले. उडाले नाहीत, पडले म्हणावं असे काट्यांत शिरले. मामाने माझ्याकडे बघितलं आणि मी, आता शहाणा झालेला, गावाच्या बाजूच्या वडाकडे बघितलं. तुरमती, हाही एक छोटा ससाणा. तांबड्या डोक्याची, निळसर राखाडी अंगाची, आणि एकटी सहसा नसते म्हणून दुसरी शोधली. ती उलट्या बाजूने, ज्वारीच्या कणसांना लागून येत होती. वरची सरळ बाभळीवर आली, थोडी गडबडच करत. एक भारीट बिचकून बाहेर सुटला आणि खालचीने त्याला हवेतच घेतला. सगळा खेळ श्वास घेऊन सोडायच्या आत संपला. जोडीने शिकार करतात हे मी वाचलं होतं, पण एक हाकतो आणि एक वाट अडवतो हे इतकं उघड दिसेल असं वाटलं नव्हतं.

गोफणवाल्या मावशींना आम्ही ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक खाल्लं व्हय? रोज शंभर खाऊ दे की त्याला."

वहीच्या उजव्या रकान्यात पहिली काटी पडली. मी तिचा फोटो काढला. भारिटाचा नव्हे, काटीचा.

सोलापूरला पोचेपर्यंत रात्र झाली. मला सर्दी झाली होती.

चौथा दिवस : नान्नज

बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं ते हेच. तेव्हा त्याचा पसारा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता, गावंच्या गावं त्यात, पुढे तो कापून बराच लहान करावा लागला. माळढोक आम्हाला दिसला नाही. दिसेल असं वाटतही नव्हतं, तरी दोघेही वाऱ्याने हलणाऱ्या प्रत्येक उंच गोष्टीकडे जरा जास्त वेळ बघत होतो.

गवत मात्र राखलेलं होतं, आणि राखलेल्या गवताने काय होतं ते इथे कळतं. काळवीट, माळटिटव्या, धाविक. पहाटे वाटेच्या कडेला गवतातून एक घुबड उठलं. आखूड कानांचं, पिवळ्या डोळ्यांचं. हेही बाहेरून आलेलं हिवाळी पाहुणं, आणि भोवत्यांसारखंच जमिनीवर राहणारं. पंखांचा आवाज अजिबात नाही. भोवते दिवसपाळी करतात आणि हे रात्रपाळी, शेत एकच.

वर्दी द्यायला इथे चंडोलांपेक्षा तीरचिमण्या पुढे होत्या. साधारण नऊला ठरावीक वाटेने पांढुरका नर आला. या वेळी शंका नव्हती. इतका पांढरा की उन्हात कागदाचा तुकडा उडत यावा. आणि मामाचं खरं ठरलं: तो अजून लांब असतानाच तीरचिमण्या दबल्या नाहीत, उठल्या. आखूडबोट्या चंडोलांचा एक लहानसा थवाही त्यांच्यामागे उठला. भोवत्याने डुलणं सोडलं, वेग घेतला, थव्याच्या खालून वर आला. चुकला. वळला, पुन्हा. चुकला. डाव्या रकान्यात दोन काट्या, यावर दोघांचं एकमत. थवा पांगून गवतात पडला, प्रत्येकजण वेगळ्या जागी. भोवत्या परत फिरून त्या गवतावरून सावकाश, अगदी पहिल्यासारखा डुलत गेला, जणू काही झालंच नाही. आणि एका जागी, थांबून नाही, जाता जाताच, एका अंगावर कलला आणि खाली गेला.

चार दिवस ज्यासाठी घालवले ते झालं, आणि मला गवत दिसलं. नुसतं गवत. कुसळीचे तुरे हलत होते. तो वर येईना. मामाने घड्याळ बघितलं. तीन मिनिटं. पाच. जवळ जायचं नाही हे ठरलेलं होतं, म्हणून वाटेवरच उभे राहिलो. वाऱ्याबरोबर एक बारीक पीस आलं आणि कुसळीला अडकलं. मग अजून दोन.

तेवढ्यात मामाने माझ्या कोपराला हात लावला आणि डावीकडे दाखवलं. भोवत्या जिथे उतरला होता तिथून पंधरा-वीस पावलांवर एक चंडोल मुरमावर आला. मग दुसरा. मग सहा-सात. सुया सुरू. गवतात त्यांच्यातल्याच एकाला सोलणं चाललेलं, आणि हे बिया टिपतायत. मला ते जरा निर्दयी वाटलं, तसं मी म्हटलंही.

"का रे? आत्ता या अख्ख्या माळावर तो एकच भोवत्या कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे," मामा म्हणाला.

अकरा मिनिटांनी तो वर आला. गळा फुगलेला, उडणं जड. चंडोलांवरून गेला, तेव्हा त्यांनी फक्त माना तिरक्या केल्या. मामाने उजव्या रकान्यात काटी ओढली आणि मग बेरीज करायला बसला. माझ्या हिशेबाने 19 झडपा, त्याच्या हिशेबाने 26. मिळालं, दोन. बहिरी ससाण्याच्या त्या तीन काट्यांपासून मी पुन्हा सुरुवात केली, आणि गाडी सोलापूरच्या वेशीत शिरेपर्यंत आम्ही तिथेच होतो.